बॅटरी उतरवली कोणी?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. मधे दोघातिघांनी विचारलंही, "सर, लिहिणं सोडलंत की काय?" सोडलं नाही. पण मधल्या काळात आमच्या घरात एकच विषय चालू होता, गाडीची बॅटरी. त्याचा निकाल लागल्याशिवाय दुसरं काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. निकाल लागला, निदान माझ्यापुरता तरी. म्हणून आज सगळं सविस्तर सांगतो.

२०२४ च्या दिवाळी पाडव्याला चिरंजीवांनी आम्हाला नवी गाडी घेऊन दिली. त्याचं म्हणणं एकच होतं. "बाबा, वाडीवर तुम्ही दोघंच असता. देवरुख चौदा किलोमीटर. आईला दम्याचा त्रास. रात्री-अपरात्री काही लागलं तर दारात गाडी हवी." माझा डावा गुडघा क्लच दाबायला कुरकुर करतो, म्हणून आपोआप गिअर पडणारी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही. कारण सांगायची गोष्ट एका कंपनीपुरती नाही.

त्याआधी बावीस वर्षं माझ्याकडे चेतक होती. तीही रुसायची. मग तिला एका अंगावर कलती करायची, किक मारायची, तरीही ऐकली नाही तर प्लग काढून काचकागदाने घासायचा. हे सगळं करूनही शाळेला उशीर व्हायचा तो व्हायचाच. पण बंद का पडली ते कळायचं. प्लगला काजळी, नाहीतर पेट्रोलमध्ये कचरा. कारण सापडलं की माणूस निम्मा शांत होतो.

नव्या गाडीने पहिल्या महिन्यात घर अगदी नादमय करून सोडलं. पुढच्या सीटवर नारळांची पिशवी ठेवली की गाडीला वाटे माणूस बसलाय आणि त्याने पट्टा लावलेला नाही. टूं टूं टूं. शेवटी नारळांना पट्टा लावून देवरुखला गेलो. हायवेवर ऐंशीच्या पुढे काटा गेला की पुन्हा ओरडा, तो मात्र सरकारी नियमानेच, १ जुलै २०१९ पासूनच्या गाड्यांना तो सक्तीचा आहे. सौ.च्या बहिणीचा फोन आला की गाडी आपण होऊन तो उचलून स्पीकरवर लावणार, आणि मग मेहुणीबाईंची माझ्याविषयीची मतं मला सवाद्य ऐकायला मिळणार. हे चालायचंच. कुरकुर करायला मजा येते, पण यातल्या कशानेच माझं काही अडलं नाही. पट्ट्याने आणि एअरबॅगने जीव वाचतात हे मला कळतं. 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांतला मी नाही.

अडलं ते जानेवारीत. १८ जानेवारी २०२५ ला सकाळी बँकेत जायला निघालो, तर किल्लीचं बटण दाबूनही गाडी मुकी. दिवा नाही, आवाज नाही. पाच दिवस जागची हलली नव्हती एवढंच. शेजारच्या टेम्पोवाल्याने वायर लावून चालू करून दिली. संध्याकाळी चिरंजीवांना फोन केला.

"बाबा, दिवा चालू राहिला असेल."

"नाही रे."

"नीट आठवा."

हे 'नीट आठवा' लक्षात ठेवा. पुढे ते बरंच ऐकायचं आहे.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुन्हा तेच. या खेपेला चूक माझीच होती. डिकी नीट लागली नव्हती आणि आतला दिवा दोन दिवस जळत होता. मी ते कबूल केलं, आणि इथेच फसलो. त्यानंतर माझ्या शब्दाला किंमत उरली नाही. फेब्रुवारीअखेर आम्ही पाच दिवस लग्नाला एस.टी.ने जाऊन आलो. परत येतो तो गाडी पुन्हा थंड. "डिकी बघितली का?" चिरंजीव. "आजोबा, तुम्ही दिवा विसरलात का परत?" नातू, वय वर्षं अकरा. सर्व्हिस सेंटरच्या मुलाने तर फार अदबीने विचारलं, "काका, घरात दुसरं कोणी चालवतं का?" म्हणजे डोकं ठिकाणावर असलेलं कोणी आहे का, हे विचारायची ती रीत.

गाडी दोन दिवस त्यांच्याकडे ठेवली. त्यांनी कॉम्प्युटर लावला, वॉरंटीत नवी बॅटरी घालून दिली आणि जॉब कार्डावर लिहिलं, "ग्राहकाच्या तक्रारीनुसार तपासणी केली. दोष आढळला नाही. बॅटरी बदलली." मी विचारलं, "दोष नाही, तर बॅटरी का बदलली?" तो म्हणाला, "काका, उतरली होती ना." मी विचारलं, "का उतरली?" तो म्हणाला, "उतरते कधीकधी."

आता थोडं व्याकरण. छत्तीस वर्षं मराठी शिकवलं आहे, सवय जात नाही. आपल्या भाषेत क्रियापदांच्या जोड्या असतात. फुटणे आणि फोडणे, तुटणे आणि तोडणे, उतरणे आणि उतरवणे. पहिलं अकर्मक, आपोआप घडल्यासारखं. दुसऱ्यात करणारा कोणीतरी लागतो. वर्गाची काच गेली की पोरं म्हणायची, "सर, काच फुटली." एकही जण "मी फोडली" म्हणायचा नाही. मी म्हणायचो, वाक्य बरोबर आहे, पण अपुरं आहे. फोडली कोणी ते सांगा. 'बॅटरी उतरली' हे तसंच वाक्य. त्यात व्याकरणाची चूक नाही, पण बॅटरी उतरवणारा त्यात कुठेच नाही. आणि अशी जागा फार वेळ रिकामी राहत नाही. जवळ जो उभा असेल त्याला तिथे बसवतात. तो चौऱ्याहत्तर वर्षांचा असला तर मग विचारायलाच नको.

खरं सांगू का, त्या दिवसांत माझाच माझ्यावरचा भरवसा उडाला. रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटे, खरंच दिवा राहिला असेल का? टॉर्च घेऊन अंगणात जायचो, गाडीच्या काचेतून आत बघायचो. एकदा एका रात्रीत तीनदा गेलो. एकदा तर स्वतःची परीक्षा म्हणून १९८७ सालच्या दहावीच्या वर्गाचा पट अंथरुणातच मनातल्या मनात म्हटला. अडतीसपैकी छत्तीस नावं आली. पास झालो, पण त्या राहिलेल्या दोन नावांनी पहाटेपर्यंत झोपू दिलं नाही. यंत्रं नीट चालत नाहीत याची तक्रार सगळेच करतात. यंत्राच्या चुकीने माणूस आपल्याच आठवणीवर संशय घेऊ लागतो, याची तक्रार मात्र मी कुठे वाचली नव्हती. म्हणून लिहितो आहे.

मग शिक्षकाने जे करायचं ते केलं. एक शंभरपानी वही घातली. तारीख, गाडी किती किलोमीटर चालली, किती दिवस उभी होती, दिवे-दारं-डिकी तपासली का, आणि बॅटरीचा व्होल्ट. तीनशे रुपयांचा मल्टिमीटर आणला. हिशेब सोपा आहे. बॅटरी बारा व्होल्टची म्हणतात, पण पूर्ण भरलेली, थोडा वेळ स्वस्थ राहिलेली बॅटरी साधारण १२.६ दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी. बाराच्या खाली गेली की संपत आली. नव्या बॅटरीचेही आकडे रोज खाली सरकत होते. मी गाडीला हातही न लावता.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे शिमग्याची पालखी होती. गाडी सहा दिवस शेडमध्येच. सहाणेपर्यंत सगळे पायीच जातो. पालखी नाचवताना धूळ उडते ती उडतेच. सौ. नको म्हणत असताना मागे राहिली नाही. रात्री पावणेदोनला तिला धाप लागली. पंप घेतला, उपयोग होईना. मी किल्ली घेऊन धावलो, बटण दाबलं आणि पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. गाडीचं दारसुद्धा उघडेना. त्या किल्लीच्या पोटात एक लोखंडी किल्ली लपवलेली असते हे मला कोणी दाखवलं नव्हतं. उघडून तरी काय करणार होतो? आपोआप गिअरच्या गाडीला धक्का मारून चालू करता येत नाही. आणि आजकालच्या साध्या गिअरच्या गाडीतही बॅटरी पुरती संपली असेल तर पेट्रोलचा पंपही विजेवर आणि इंजिनाचं डोकंही विजेवर. धक्का मारणाऱ्याला नुसता घाम येतो.

टेम्पोवाल्याला उठवलं. तो बनियनवरच आला. पुढच्या सीटवर सौ., मी मागे हौद्यात, कोपऱ्यात मासळीच्या रिकाम्या क्रेट. चौदा किलोमीटरला पस्तीस मिनिटं लागली. दवाखान्यात वाफ दिली, ऑक्सिजन लावला, पहाटेपर्यंत श्वास सरळ झाला. मी बाकावर बसून गाडीबद्दल काहीतरी पुटपुटत होतो, तर मास्क बाजूला करून म्हणते, "तिला काय झालंय ते नंतर बघा. आधी मला बघा." बरोबरच होतं तिचं. पण दारात गाडी ज्या रात्रीसाठी आणली होती ती हीच रात्र, आणि त्या रात्री ती नव्हती. टेम्पो होता म्हणून निभावलं.

टेम्पोवाल्यानेच मग बाजारातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनचं नाव सुचवलं. टपरीवजा दुकान, ट्रॅक्टरपासून रिक्षापर्यंत सगळं करणारा माणूस. माझी वही त्याने पहिल्या पानापासून वाचली. माझ्या वह्या इतक्या मन लावून कोणी वाचल्याचं मला आठवत नाही. मग म्हणाला, "गुरुजी, शेड कधी बांधलीत?"

डिसेंबरच्या मध्यावर. त्याआधी गाडी वर, रस्त्याच्या कडेला उभी असायची, आणि तेव्हा एकदाही बॅटरी उतरली नव्हती. वहीच्या पहिल्या पानावर मीच जुन्या आठवणीने लिहून ठेवलं होतं, पण अर्थ लागला नव्हता.

एका रविवारी तो घरी आला. गाडी शेडमध्येच कुलूपबंद केली, बॉनेट उघडं ठेवलं, बॅटरीच्या वायरला चिमट्यासारखा मीटर लावला आणि म्हणाला, "आता तासभर चहा." नवी गाडी कुलूप लावल्या लावल्या झोपत नाही. तिच्यात लहान लहान कॉम्प्युटर असतात. ते एकेक करून झोपी जायला काही मिनिटांपासून अर्ध्या-पाऊण तासापर्यंत वेळ घेतात. सगळे झोपले की गाडी अगदी थोडी वीज खाते, २० ते ५० मिलिअँपिअर. घड्याळ आणि कुलूप जागं ठेवण्यापुरती. आमची गाडी तासाभरानेही ३०० खात होती. त्याने एकेक फ्यूज काढायला सुरुवात केली. एक काढला आणि आकडा ३०० वरून ३० वर आला.

तो फ्यूज होता गाडीला मोबाईलशी जोडणाऱ्या यंत्राचा. या यंत्रात एक सिमकार्ड असतं. गाडी कुठे आहे, दार लागलंय का, हे पुण्यात बसलेल्या चिरंजीवांच्या फोनवर दिसावं म्हणून. आमची शेड उतारावर खाली, वर डोंगर, माथ्यावर लोखंडी पत्रा. तिथे माझा फोनही लागत नाही. ते यंत्र बिचारं रात्रंदिवस रेंज शोधत होतं. मुलांचं शिबिर नेलेल्या कुठल्याही शिक्षकाला पुढचं सांगायला नको. एका पोराला झोप लागली नाही की तो खोलीतल्या बाकीच्यांनाही झोपू देत नाही. मग खात्री करायला फ्यूज परत बसवून गाडी वर देवळापाशी नेली. तिथे रेंज पूर्ण. पुन्हा तासभर थांबलो. ३० मिलिअँपिअर.

हिशेब मांडून बघा. आमची बॅटरी ३५ अँपिअर-अवर. ३० मिलिअँपिअरने दिवसाला पाऊण अँपिअर-अवरही जात नाही, गाडी दोन-तीन आठवडे सहज उभी राहू शकते. ३०० ने दिवसाला सात जातात. पाच दिवसांत बॅटरी रिकामी. माझ्या वहीत जे होतं तेच.

आणि सर्व्हिस सेंटरला दोष का सापडला नाही, तेही आता उघड आहे. त्यांच्या आवारात रेंज पूर्ण. तिथे गाडी शहाण्यासारखी झोपायची. त्यांचा कॉम्प्युटर बिघडलेला भाग शोधतो, आणि इथे बिघडलेलं काहीच नव्हतं. यंत्र नेमून दिलेलं काम इमानेइतबारे करत होतं. तेव्हा 'दोष आढळला नाही' लिहिणारा तो मुलगा खोटं बोलत नव्हता, हे मला मान्य आहे. मनात त्याला जे बोललो ते मागे घेतो. अमेरिकेतल्या माझ्या भाचीने सांगितलं, तिकडे २०२२ मध्ये मोबाईलचं जुनं ३जी जाळं बंद झालं, तेव्हाही काही गाड्यांतलं असंच यंत्र नसलेलं जाळं शोधत राहून बॅटरी संपवतं अशा तक्रारी झाल्या होत्या. म्हणजे प्रश्न आमच्या डोंगराचाच आहे असं नाही.

मग माझं म्हणणं काय? तीनच गोष्टी.

पहिली. ही गाडी ज्यांनी आखली त्यांच्या डोळ्यासमोर रोज ऑफिसला जाणारा आणि रेंजमध्ये राहणारा माणूस होता. त्याची गाडी रोज चालते, रोज बॅटरी भरते. आमच्यासारख्यांची गाडी आठ-आठ दिवस उभी असते आणि तीनशे पासष्ट दिवसांतल्या एखाद्या रात्री तिने चालू व्हायलाच हवं असतं. गावोगावी अशी किती म्हातारी जोडपी आहेत, ज्यांच्या मुलांनी अशाच काळजीने गाडी घेऊन दिली आहे. त्यांच्यासाठी 'मी आता आठ दिवस उभी राहणार' असं गाडीला सांगायचं एक साधं बटण हवं. गाण्यांसाठी डझनभर बटणं देता येतात, त्यात आणखी एक.

दुसरी. जॉब कार्डावर कारण लिहिलं पाहिजे. कळलं नसेल तर 'कारण कळलं नाही' असं स्पष्ट लिहावं. 'दोष आढळला नाही' आणि 'कारण कळलं नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्याने शोध संपतो आणि दोष ग्राहकाच्या माथी येतो. दुसऱ्याने शोध चालू राहतो. बॅटरी बदलून देणं म्हणजे उत्तराची पायरी न दाखवता शेवटचा आकडा लिहिणं. आमच्या गणिताच्या सरांनी त्याला शून्य दिलं असतं.

तिसरी गोष्ट घरच्यांसाठी. म्हातारा माणूस विसरतो, हे खरं आहे. डिकी मी विसरलोच होतो. पण एकदा विसरला म्हणजे दर वेळी तोच विसरला, हा न्याय नव्हे. त्याच्या आठवणीवर संशय घ्यायचाच असेल तर तो शेवटी घ्या, बाकी सगळं तपासून झाल्यावर. 'नीट आठवा' हे दोन शब्द बोलायला सोपे आहेत. ऐकणारा ते घेऊन रात्रभर टॉर्च हातात धरून फिरतो.

मे २०२५ मध्ये वहीची झेरॉक्स घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो. त्यांच्या वरिष्ठांनी ती वाचली, कोणाला तरी फोन केला आणि त्या यंत्राचं सॉफ्टवेअर बदलून दिलं. आता रेंज नसली की ते थोडा वेळ शोधून गप्प बसतं. जुलैत आम्ही बारा दिवस पुण्याला होतो. परतल्यावर आधी बॅटरी मोजली, १२.४. मग बटण दाबलं, गाडी चालू. मात्र त्या मे महिन्याच्या कार्डावर काय लिहिलंय? "सॉफ्टवेअर अद्ययावत केले." का केलं, ते नाही. मी पेन पुढे करून म्हटलं, कारण लिहा. ते हसले आणि म्हणाले, "काका, सिस्टीममध्ये तसा रकाना नाही."

वहीत आहे. मी तिथे लिहून ठेवलं आहे, लाल शाईने, कर्त्यासकट पूर्ण वाक्यात.

चिरंजीवांना सगळं सांगितलं तेव्हा ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाबा, वहीचे फोटो पाठवा." पाठवले. दुसऱ्या दिवशी फोन आला. गाडीचा विषय नव्हताच. त्यांच्या सोसायटीतल्या एका आजोबांच्या इन्व्हर्टरबद्दल विचारत होते. आजोबा म्हणतात आपोआप बंद होतो, घरचे म्हणतात तेच काहीतरी दाबतात. "काय करू?" म्हणाला. म्हटलं, त्यांना एक वही आणून दे, शंभर पानी.

टेम्पोवाल्याने त्या रात्रीचे पैसे अजून घेतलेले नाहीत. गाडीत आता जोडवायर कायम असते, लोखंडी किल्ली कशी काढायची ते सौ.लाही दाखवलं आहे, आणि नारळ मागच्या सीटवर ठेवतो.

तुमच्याही घरी असं काही आपोआप बंद पडत असेल, उतरत असेल, तर जरूर कळवा. मात्र कळवताना वाक्य पूर्ण लिहा.